मानवरहित विमानांचे परस्परसहकार्य : भिलाईच्या संदर्भात

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. या कारखान्याला लागणारे लोहखनिज अनेक दशके प्रामुख्याने ८०-९० किलोमीटरवरील दल्ली-राजहरा खाणींतून येत आले आहे. अशा खाणींची मोजणी पूर्वी जमिनीवर उपकरणे मांडूनच होत असे. नोव्हेंबर २०२१ मधील नियमदुरुस्तीनुसार वर्षाला १० लाख टन वा अधिक उत्खननाची योजना असणाऱ्या, किंवा ५० हेक्टर वा अधिक क्षेत्र असणाऱ्या खाणपट्टाधारकांना दरवर्षी मानवरहित छोट्या विमानांनी, म्हणजेच ड्रोननी, टिपलेली छायाचित्रे सादर करावी लागतात. सीमेबाहेरील १०० मीटरचा पट्टाही त्यांत समाविष्ट असतो.

लहान ड्रोनची बॅटरी साधारणपणे अर्ध्या तासाच्या आसपास पुरते. विस्तीर्ण खाणीसाठी चार ड्रोन आणि चार चालक ठेवल्यास खर्चही त्याच प्रमाणात वाढतो. ड्रोननी क्षेत्र आपसांत वाटून घेतले आणि एकाची बॅटरी उतरताच दुसऱ्याने उरलेला पट्टा पूर्ण केला, तर एकच चालक सर्वांवर देखरेख ठेवू शकेल.

यामागील तत्त्व साधे आहे. १९८७ मध्ये क्रेग रेनॉल्ड्स यांनी संगणकावर पक्ष्यांचा थवा तीन नियमांनी उभा केला : शेजाऱ्याला धडकू नये, त्याच्या दिशेने व वेगाने उडावे, थव्यापासून दूर जाऊ नये. २९ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीच्या विजय चौकात १,००० ड्रोन एकत्र उडाले. परंतु अशा प्रदर्शनात मार्ग आधीच आखलेले असतात. खाणीत सुरुंगामुळे भूरूप सतत बदलते, धूळ उडते आणि खोल कड्यांच्या आड उपग्रहाचा संकेत क्षीण होतो. तेथे मोकळ्या आकाशातील ड्रोनने आपले स्थान कळवावे आणि आडोशातील ड्रोनने साथीदारांपासूनची अंतरे मोजून स्वतःचे स्थान ठरवावे लागते.

या तंत्राचा लाभ केवळ खर्चात बचत एवढाच नाही. कड्याच्या काठावर उभे राहण्याचा कामगाराचा धोका त्यामुळे कमी होतो. शिवाय स्वामित्वधन खाणीबाहेर गेलेल्या खनिजावर आकारले जाते आणि २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचा निधीही त्याच्याशीच निगडित आहे. खड्ड्याचे घनमान वारंवार मोजता आले, तर हा हिशेब पडताळता येईल.

मात्र अपघात झाल्यास अनेक ड्रोनसाठी उत्तरदायी कोण, हे स्पष्ट असले पाहिजे. मोजणीचे आकडे खाणीलगतच्या ग्रामसभांनाही पाहता आले पाहिजेत. अन्यथा मोजणी स्वस्त होईल, पण तिचा लाभ खाणीच्या कुंपणाआडच राहील.