सहा रिकाम्या जागा

भोपाळच्या कमला पार्कात, बडा तालाब आणि छोटा तालाब यांच्यामध्ये, राणी कमलापतीच्या महालाच्या आसपास कुठेतरी एक प्लॅस्टिकची डबी लपवली आहे असं समजा. डबीत एक छोटी वही आणि पेन्सिल. ज्याला ती सापडेल त्यानं वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबी होती तिथे परत ठेवायची. जिओकॅशिंग म्हणतात तो खेळ हाच. त्यातला कोड्याचा प्रकार सगळ्यात चुरशीचा. अक्षांश आणि रेखांशाचे अंश दिलेले, कलाही (अंशाचे साठावे भाग) दिलेल्या, पण कलांच्या दशांश चिन्हापुढचे तीन-तीन आकडे गाळलेले. महालाच्या कमानी मोजा, पाटीवरचं साल वाचा, पायऱ्यांची बेरीज करा आणि त्या सहा रिकाम्या जागा भरा.

सहा जागांत 0 ते 9 पैकी काहीही बसू शकतं, म्हणजे शक्यता 10 लाख. भोपाळच्या अक्षांशावर यातली प्रत्येक शक्यता म्हणजे जमिनीचा सुमारे 1.85 मीटर लांब आणि 1.70 मीटर रुंद तुकडा, एका दुहेरी पलंगाएवढा. असे 10 लाख तुकडे मिळून तीन चौरस किलोमीटरांहून थोडं जास्त क्षेत्र होतं. कोडं न सोडवता भोपाळच्याच तुलसी नगरातून रोज निघून आठ तास शोधायचं ठरवलं, एका तुकड्याला एक मिनिट दिलं, तर पावणेसहा वर्षं लागतील. त्यातला बराच भाग पाण्यात असेल, ते वेगळंच. कोडं सुटलं पण एक आकडा चुकला, तर तो कुठला यावर सगळं अवलंबून. शेवटचा एकानं चुकला तर दोन पावलांचा फरक, त्याआधीचा चुकला तर 18 मीटर, त्याआधीचा चुकला तर 185 मीटर.

हा खेळ सुरू झाल्याची तारीख नेमकी सांगता येते. सामान्य लोकांना मिळणाऱ्या जीपीएसमध्ये अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरपर्यंत हुकायची. 2 मे 2000 रोजी ही भेसळ थांबली. दुसऱ्याच दिवशी, 3 मे रोजी, डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आज जगभर अशा 30 लाखांहून जास्त डब्या आहेत.

प्रत्येक डबीमागे जीपीएसचे तीसेक उपग्रह आहेत. ते जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर, सेकंदाला जवळजवळ 3.9 किलोमीटर वेगानं फिरतात. त्यांचा संदेश आपल्यापर्यंत येतो तेव्हा त्याची शक्ती एका वॅटचा शंभर कोटी कोटीवा हिस्सा एवढीच उरलेली असते. आपला फोन तो ऐकतो आणि त्याला यायला किती वेळ लागला ते मोजतो. डोक्यावरच्या उपग्रहाकडून यायला लागतात सेकंदाचे 67 सहस्रांश. प्रकाश सेकंदाच्या अब्जांशात 30 सेंटीमीटर जातो, त्यामुळे तीन मीटरची अचूकता हवी तर सेकंदाच्या 10 अब्जांशांचा हिशोब नीट राहायला हवा. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला सेकंदाच्या 38 दशलक्षांशांनी पुढे धावतात. हे दुरुस्त केलं नाही तर चूक दिवसाला दहा किलोमीटरांच्या गतीनं साचत जाईल.

मला मात्र याहून जास्त थक्क करते ती तुलसी नगरच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवरची एक टेकडी. सिरोंजजवळचं कल्याणपूर. भारताच्या नकाशांवरचे अक्षांश-रेखांश पिढ्यान् पिढ्या तिथल्या एका खुणेपासून मोजले गेले. ही मोजणी विल्यम लॅम्बटननं 1802 मध्ये मद्रासला सुरू केली. कोन मोजायचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून नेत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि 1823 च्या जानेवारीत आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं नेटानं पुरं केलं.

त्या कामातूनच एक जबरदस्त कोडं निघालं. कल्याणपूर आणि मुजफ्फरनगरजवळचं कलियाना यांच्यातलं अंतर सुमारे 600 किलोमीटर. त्यांच्या अक्षांशांतला फरक त्रिकोणांवरून काढला तर एक येई आणि ताऱ्यांवरून काढला तर दुसरा. तफावत 5.236 विकलांची (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), जमिनीवर साधारण 160 मीटर. एव्हरेस्टला वाटलं, मोजणीतच कुठेतरी फरक राहिला असावा. कलकत्त्याचे धर्मगुरू जॉन प्रॅट यांना मात्र संशय आला ओळंब्याचा. तारे मोजताना 'खाली' कुठे ते ओळंबा ठरवतो, आणि हिमालयाचं प्रचंड वस्तुमान त्याला आपल्याकडे खेचत असणार. त्यांनी हिमालयाच्या ओढीचा हिशोब मांडला. उत्तर आलं 15.885 विकला, म्हणजे तिप्पट! हिमालय ओढत होता, पण जेवढं ओढायला हवं त्याच्या एक तृतीयांशच. 1855 मध्ये जॉर्ज एअरी यांनी उलगडा सुचवला: पर्वतांखाली हलक्या खडकांची खोल मुळं आहेत आणि ती जड थरात बुडालेली आहेत. पर्वत तरंगतात! दगडाच्या एका खुणेपाशी टांगलेल्या ओळंब्यातून पृथ्वीच्या पोटातलं हे गुपित बाहेर यावं, याहून मोठा खजिना कुठल्या शोधात सापडला असेल असं मला वाटत नाही.

कल्याणपूरची मोजणी भारतापुरती चोख बसवलेली होती. तिनं मानलेला पृथ्वीचा मध्यबिंदू आणि जीपीएस मानतं तो, यांच्यात 800 मीटरांहून जास्त अंतर आहे. म्हणून जुन्या सर्वेक्षण नकाशावरचे आकडे जसेच्या तसे फोनमध्ये घातले तर भोपाळमध्ये माणूस शंभर मीटरांहून जास्त भरकटतो. त्यात भारताची जमीनच वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकते. 2000 साली कुणी इथे डबी ठेवली असती तर ती आज जागची न हलताही सव्वा मीटर पुढे गेलेली असती.

एवढं सगळं करून फोन आपल्याला आणून सोडतो तो काही मीटरांच्या वर्तुळात. दाट झाडीखाली ते वर्तुळ आणखी मोठं होतं, कारण पानं तो क्षीण संदेश अडवतात. तुलसी नगर आणि शिवाजी नगरमध्ये अशी झाडी भरपूर आहे. मंत्री-आमदारांच्या नव्या घरांसाठी इथली सुमारे 29,000 झाडं तोडली जाण्याची वेळ आली होती. लोक रस्त्यावर उतरले, बायकांनी झाडांना मिठ्या मारल्या आणि जून 2024 मध्ये सरकारनं तो प्रस्ताव मागे घेतला. त्यातल्या एका झाडावर डबी असेल आणि प्रत्येक झाडाला एक मिनिट दिलं, तर न झोपता वीस दिवस लागतील. ही मोजणी अजून करता येते याचा मला मनापासून आनंद आहे. तुलसी नगरात कुणी खरंच डबी लपवणार असेल तर खेळाचे नियम साधे आहेत: जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची, खड्डा खणायचा नाही आणि झाडाला खिळा मारायचा नाही.