निबंधवहीतला उसना मोगरा

शाळेत लेखक घडतो, असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात पहिली चार-पाच वर्षे मूल लिहीत नसते, उतरवून घेत असते. फळ्यावरचे, गाइडमधले, शेजारच्या हुशार मुलाचे. त्यात वाईट काही नाही. अक्षर वळते, वाक्य बसते. पण आपल्या वस्त्यांतली बहुतेक मुले तिथेच थोपवली जातात.

मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा येथील माझ्या एका विद्यार्थिनीने आपल्या शालेय निबंधवह्या मला वाचायला दिल्या. पाचवीत 'माझे घर' आहे. घरापुढे बाग, बागेत मोगरा, वडील आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचताहेत. वडिलांना अक्षरओळख नाही. आरामखुर्ची तिने पुस्तकातल्या चित्रातच पाहिलेली. सातवीच्या पावसाळ्यात धरतीने हिरवा शालू नेसला आहे. आठवीत मात्र, शालूच्या शेजारीच, एक वाक्य येते: झड लागली की आईचे निंदण बुडते. 'निंदण'खाली लाल रेघ, वर 'खुरपणी'. मुलीचा पहिला स्वतःचा शब्द असा दुरुस्त झाला! तरी ती थांबली नाही. दहावीत आईवर लिहिताना ती विचारते, आई दरवर्षी तूर सोंगते, मग आमच्या घरी डाळ विकतची का? वर्णनातून प्रश्नाकडे झालेला हा प्रवास मला तिच्या गुणपत्रिकेहून मोलाचा वाटतो.

या वाटेवर आपली पूर्वज आहे मुक्ता साळवे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षे शिकलेल्या या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदया'त दोन भागांत छापून आला. तिने कुणाचा मोगरा उसना घेतला नाही. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या आपल्या बाया तिने मांडल्या. तेवढ्यावर न थांबता तिने धर्माचीच उलटतपासणी केली: वेद जर केवळ ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता? पाहिलेले दुःख आणि त्यावरचा युक्तिवाद एकाच निबंधात आले, ते तिला शिकवणाऱ्यांना तिच्या प्रश्नाची भीती नव्हती म्हणून, असे मी मानतो.

किन्हीराजाच्या मुलांना तर उदाहरणासाठी पुण्यापर्यंत जायचेही कारण नाही. त्यांच्याच तालुक्यातील शिरपूर (जैन) येथे जन्मलेले नामदेव कांबळे शिक्षक होते. त्यांच्या 'राघववेळ' कादंबरीला 1995 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परिसरातल्या किती शाळांच्या कपाटांत ही कादंबरी आहे, हे तिथल्या शिक्षकांनीच एकदा उघडून पाहावे.

प्रथम वर्षाच्या वर्गाला मी सुरुवातीला निबंधाचा विषय देत नाही. घरातल्या दहा वस्तूंची नावे घरी म्हणतात तशीच लिहून आणायला सांगतो. पहिल्या दिवशी निम्म्या वह्या कोऱ्या येतात. मुले विचारतात, "सर, हे शब्द लिहिले तर चालतात?"