रक्तातली साक्ष
मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावी खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा लाल कंधारी आणि देवणी जनावरं पाहायला अख्खा मराठवाडा लोटतो. या देखण्या जनावरांच्या कासेला, कानामागे, शेपटीखाली गोचिडी चिकटलेल्या असतात. त्या हाताने उपटायच्या आणि दगडावर चिरडायच्या, ही गोठ्यातली जुनी सवय. ती आता सोडायला हवी.

हायलोमा वंशाच्या गोचिडी काँगो तापाचा विषाणू बाळगू शकतात. चावा तर घातक असतोच, पण चिरडलेल्या गोचिडीतूनही विषाणू माणसात शिरतो. जनावर आजारी दिसत नाही; माणसाला मात्र ताप येऊन रक्तस्राव होऊ शकतो. काही साथींत मृत्यूचं प्रमाण 40 टक्क्यांपर्यंत गेलं आहे. भारतात जानेवारी 2011 मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या कोलाट गावची एक महिला दगावली, पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही. निदान केलं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने.

या तापातून वाचलेल्या माणसाच्या शरीरात पुढे काय उरतं? प्रतिपिंडं मोजणं सोपं असतं. पण विषाणूने बळकावलेल्या पेशी हुडकून मारण्याचं काम टी पेशींचं, आणि त्यांची स्मृती मोजायची तर त्यांना विषाणूची ओळख पुन्हा दाखवावी लागते. जिवंत विषाणू हाताळायला सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळाच हवी.

पेप्टाइड पूल ही अडचण दूर करतो. टी पेशी अख्खा विषाणू ओळखत नाहीत, त्याच्या प्रथिनांचे लहान तुकडे ओळखतात. असे तुकडे म्हणजे पेप्टाइड आणि त्यांचा संच म्हणजे पूल. हे तुकडे कारखान्यात बनवता येतात आणि ते पूर्ण निरुपद्रवी असतात. काँगो विषाणूचं न्यूक्लिओप्रोटीन 482 अमिनो आम्लांचं. पहिला तुकडा 1 ते 15, दुसरा 5 ते 19, तिसरा 9 ते 23, असं करत साधारण 118 तुकड्यांत सगळं प्रथिन येतं. तुकडे एकमेकांवर चढवलेले असल्याने ओळखीची जागा सहसा मधोमध तुटून हातची जात नाही. प्रत्येक तुकडा वेगळा तपासायला रक्त पुरणार नाही, म्हणून ते 11 उभ्या आणि 11 आडव्या ओळींत मांडून 22 मिश्रणं करतात. ज्या उभ्या आणि आडव्या मिश्रणाला पेशी प्रतिसाद देतात, त्यांच्या छेदावर संशयित तुकडा सापडतो.

एलिस्पॉट या चाचणीत पेशी आणि मिश्रण छोट्या खळग्यांत रात्रभर उबेला ठेवतात. ओळख पटलेली पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडते आणि रंगप्रक्रियेनंतर तिच्या जागी एक डाग उमटतो. डाग मोजायचे. पेप्टाइड न घातलेल्या खळग्यातले डाग त्यातून वजा करायचे, नाहीतर आकडा फसवा ठरतो. दक्षिण आफ्रिकेतल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आजारानंतर 13 वर्षांपर्यंत काही रुग्णांच्या टी पेशींनी अशी ओळख दाखवली.

चाचणी होईपर्यंत रक्ताचा नमुना टिकवण्याचं तंत्र मराठवाड्याला अगदी परिचयाचं आहे. कृत्रिम रेतनाच्या कांड्या उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये राहतात. पांढऱ्या पेशीही तशाच साठवतात. रक्तातून त्या काही तासांत वेगळ्या कराव्या लागतात, एवढीच घाई.

मात्र कोणता तुकडा कोणाच्या टी पेशींना दिसेल, हे त्या माणसाच्या एचएलए जनुकांवर ठरतं आणि ती माणसागणिक बदलतात. म्हणून दक्षिण आफ्रिकेत लागू पडलेले मोजके तुकडे इथे आणून भागणार नाही. भारतातल्या बऱ्या झालेल्या रुग्णांवर संपूर्ण पूलच तपासावा लागेल.