हेल्मेटवरून उडालेला झेल

21 फेब्रुवारी 2025. अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्याचा शेवटचा दिवस. केरळने पहिल्या डावात 457 धावा केलेल्या. गुजरात सकाळी 7 बाद 429 वरून खेळायला उतरलं. सामना अनिर्णित सुटणार हे दोन्ही संघांना कळून चुकलं होतं. बाद फेरीत असं झालं की पहिल्या डावात आघाडी ज्याची, तो पुढे जातो. गुजरातला आघाडीसाठी 29 धावा हव्या होत्या, केरळला तीन बळी.

चेंडू होता आदित्य सरवटेच्या हातात. आपल्या विदर्भाचा हा डावखुरा फिरकीपटू. 2018-19 च्या रणजी अंतिम सामन्यात जामठ्याला सौराष्ट्राचे 11 बळी घेऊन विदर्भाला सलग दुसरा करंडक मिळवून देणारा. या हंगामात मात्र तो केरळकडून खेळत होता. त्याने आठवा बळी घेतला, नववाही घेतला. अर्झान नागवासवाला आणि प्रियजितसिंह जडेजा ही शेवटची जोडी एकेक धाव जमवत राहिली. 450 झाल्या, 455 झाल्या. आता दोन धावांत बरोबरी, तीन धावांत आघाडी.

सरवटेने चेंडू टाकला. नागवासवालाने अंगातला सगळा जोर लावून फटका मारला. शॉर्ट लेगला, फलंदाजापासून दोन-चार पावलांवर, सलमान निझार वाकून उभा होता. त्याला डोकं बाजूला घ्यायलाही वेळ मिळाला नाही. चेंडू त्याच्या हेल्मेटवर आदळला, हवेत उडाला आणि पहिल्या स्लिपमध्ये उभ्या असलेल्या कर्णधार सचिन बेबीच्या हातात अलगद जाऊन पडला. गुजरात सर्वबाद 455. केरळला दोन धावांची आघाडी आणि रणजीच्या इतिहासात पहिल्यांदाच अंतिम फेरीत जागा.

टीव्हीपुढे बसलेल्या जुन्या क्रिकेटवाल्यांच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. हेल्मेटला लागलेला चेंडू झेलला तर फलंदाज बाद कसा? आम्ही तर शिकलो होतो की तो नाबाद असतो!

त्यांचं शिकणं चुकीचं नव्हतं. हाच चेंडू, हाच फटका, हाच झेल 2017 च्या उन्हाळ्यात घडला असता तर नागवासवाला नाबाद राहिला असता. मग मधल्या काळात बदललं काय? त्याचा माग काढत गेलं की वाट थेट आपल्याच एका माणसापाशी पोचते.

तो माणूस म्हणजे एकनाथ सोलकर. वडील मुंबईच्या पी. जे. हिंदू जिमखान्याचे मैदान राखणारे, आणि मुलगा त्याच मैदानाच्या कडेला वाढलेला. सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहायचा. डोक्यावर काही नाही, तोंडापुढे जाळी नाही. फलंदाजाच्या बॅटपासून हातभर अंतरावर नजर रोखून वाकलेला. 1971 च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर वेंकटराघवनच्या चेंडूवर ॲलन नॉटचा त्याने पुढे झेपावून टिपलेला झेल आजही छायाचित्रात पाहायला मिळतो. तो सामना जिंकून भारताने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली. सोलकरने 27 कसोटींत 53 झेल घेतले. यष्टिरक्षक सोडले तर सामन्यामागे इतके झेल घेणारा क्षेत्ररक्षक विरळाच.

सोलकरच्या काळात प्रश्नच नव्हता. चेंडू क्षेत्ररक्षकाच्या खांद्याला, छातीला, पोटाला, अगदी कपाळाला लागून उडाला आणि जमिनीला टेकण्याआधी कुणीतरी धरला की फलंदाज बाद. क्रिकेटचा कायदा या बाबतीत फार उदार आहे. चेंडू यष्टिरक्षकाच्या पॅडला लागून उडाला तरी चालतो. समोरच्या टोकाच्या फलंदाजाला लागला तरी चालतो. इतकंच काय, पंचाच्या अंगावर आपटून आलेला चेंडूही झेलता येतो. अट एकच, चेंडू जमिनीला टेकलेला नसावा.

मग हेल्मेट आलं. 1977 मध्ये केरी पॅकरच्या वर्ल्ड सीरीजमध्ये डेनिस ॲमिसने ते डोक्यावर चढवलं. पुढच्याच वर्षी, मार्च 1978 मध्ये, ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यॅलप बार्बाडोसला कसोटीत हेल्मेट घालून उतरला. फलंदाजांच्या पाठोपाठ शॉर्ट लेग आणि सिली पॉइंटच्या क्षेत्ररक्षकांनीही ते घातलं. आता कायदा करणाऱ्यांपुढे पेच उभा राहिला. हेल्मेट हे अंगाचा भाग मानायचं की बाहेरून आणलेली वस्तू? कठीण कवचावरून चेंडू उसळतो, म्हणजे क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला फुकटचा लाभ मिळतो, अशी शंका होती. म्हणून कायद्याने हेल्मेट वेगळं काढलं. क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागलेल्या चेंडूवर झेल नाही, यष्टिचीत नाही, धावचीतही नाही. वापरात नसलेलं हेल्मेट यष्टिरक्षकामागे जमिनीवर ठेवलं आणि चेंडू त्यावर आदळला तर फलंदाजाच्या संघाला 5 धावा. हा दंड आजही आहे.

वरकरणी हे सगळं न्याय्य वाटतं. त्यातली खोट पुढे ढाक्यात घडलेल्या एका प्रसंगावरून नीट दिसते.

20 फेब्रुवारी 1998. बंगबंधू स्टेडियमवर अबाहनी आणि मोहमेडन यांच्यात सामना चालू होता. भारताकडून कसोटी खेळलेला रमण लांबा अबाहनीकडून खेळत होता. षटकाचे तीनच चेंडू उरले होते. लांबा शॉर्ट लेगला गेला. हेल्मेट घेतोस का, असं विचारल्यावर तीन चेंडूंसाठी कशाला, असं म्हणून तो तसाच उभा राहिला. मेहराब हुसेनने जोराचा फटका मारला. चेंडू लांबाच्या कपाळावर आदळला आणि उडून यष्टिरक्षक खालेद मशूदकडे गेला. मशूदने तो झेलला. मेहराब बाद झाला. लांबा स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला, पण मेंदूत रक्तस्राव झाला होता. 23 फेब्रुवारीला त्याचं निधन झालं. वय 38.

आता हा प्रसंग 2017 पर्यंत चाललेल्या नियमाच्या कसोटीवर लावून पाहा. चेंडू उघड्या कपाळावर लागला म्हणून झेल ग्राह्य, फलंदाज बाद. त्याच कपाळावर हेल्मेट असतं तर झेल अग्राह्य, फलंदाज नाबाद. म्हणजे कायदा क्षेत्ररक्षकाला सांगत होता की डोकं उघडं ठेवलंस तर तुझ्या संघाला बळी मिळेल, डोकं झाकलंस तर मिळणार नाही. हे सांगायचं कुणाच्या मनात नव्हतं. फुकटचा लाभ रोखायला म्हणून केलेला नियम प्रत्यक्षात मात्र जीव सांभाळणाऱ्याचंच नुकसान करत होता.

शिवाय फुकटचा लाभ हा मुद्दाही टिकत नव्हता. यष्टिरक्षकाचे पॅड, शॉर्ट लेगच्या नडगीवरचं गार्ड, ही सगळी बाहेरून बांधलेली कवचंच की! त्यांच्यावरून उडालेला चेंडू चालतो, मग डोक्यावरच्या कवचाने काय पाप केलं? आणि डोक्यावर आदळलेला चेंडू कुठे उडेल हे कुणालाच सांगता येत नाही. तो स्लिपकडे जाईल तसाच सीमेपारही जाईल. ठरवून कुणी डोक्याने झेल उडवत नाही.

अशीच गाठ अमेरिकेतही पडलेली दिसते. तिथल्या फुटबॉलमध्ये लंबगोल चेंडू हातात घेऊन पळतात आणि झेल नेमका कशाला म्हणायचं यावर वर्षानुवर्षं वाद होतात. 3 फेब्रुवारी 2008 च्या सुपर बोलमध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या डेव्हिड टायरीने उडी मारून चेंडू एका हाताने स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरला. प्रतिस्पर्धी अंगावर पडलेला, दोघं जमिनीवर कोसळले, पण चेंडू टेकला नाही. झेल मान्य झाला. जायंट्सनी तोवर अजिंक्य असलेल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सना 17-14 ने हरवलं. उलट 11 जानेवारी 2015 ला ग्रीन बेच्या मैदानावर डॅलसच्या डेझ ब्रायंटने दोन्ही हातांनी झेल घेतला, पावलं टाकली, गोलरेषेकडे झेप घेतली आणि पडताना चेंडू जमिनीला लागून उसळला. मैदानावरच्या पंचांनी झेल दिला, पण टीव्हीवर पाहून तो रद्द झाला. डॅलसने सामना 26-21 असा गमावला. ओरड इतकी झाली की अखेर 2018 मध्ये तिथला नियम नव्याने लिहावा लागला.

दोन्ही प्रसंगांत पंचांनी तपासलं ते एवढंच, चेंडूवर खेळाडूचा ताबा होता का. चेंडू हाताला लागला की हेल्मेटला, हे त्यांनी विचारलं नाही. क्रिकेटच्या कायद्याचंही मूळ तत्त्व हेच आहे. चेंडू क्षेत्ररक्षकाला पहिल्यांदा लागतो तिथे झेलाची क्रिया सुरू होते आणि चेंडूवर व स्वतःच्या हालचालीवर त्याचा पूर्ण ताबा आला की ती संपते. 1999 च्या विश्वचषकात हेडिंग्लेला हर्शल गिब्जने स्टीव्ह वॉचा सोपा झेल पकडला आणि आनंदाने चेंडू वर उडवायच्या घाईत तो सांडला. ताबा पुरा झालाच नव्हता, म्हणून वॉ नाबाद. त्याने पुढे शतक झळकावून सामना जिंकला. या तत्त्वात हेल्मेटला अपवाद करायचं काही कारणच नव्हतं.

क्रिकेटचे कायदे लंडनचा मेरिलिबोन क्रिकेट क्लब लिहितो. 1 ऑक्टोबर 2017 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत त्याने तो अपवाद काढून टाकला. तेव्हापासून क्षेत्ररक्षकाने किंवा यष्टिरक्षकाने घातलेल्या हेल्मेटवरून उडालेल्या चेंडूवर झेल घेता येतो, यष्टिचीत करता येतं, धावचीतही करता येतं. अट इतकीच की हेल्मेट डोक्यावर असावं. ते काढून चेंडू अडवला तर 5 धावांचा दंड आहेच.

हा बदल सात वर्षं पुस्तकात होता आणि बहुतेकांना त्याची खबर नव्हती. अहमदाबादच्या त्या एका चेंडूने ती सगळ्यांना करून दिली. केरळचं नशीब त्या हंगामात धावांच्या बारीक फरकावरच तरलं होतं. त्याआधी पुण्याच्या उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरच्या 280 धावांवर त्यांनी 281 केल्या आणि एका धावेच्या आघाडीवर ते पुढे आले. त्या सामन्यात शेवटच्या जोडीदाराला घेऊन नाबाद शतक ठोकणारा होता सलमान निझार, तोच ज्याच्या हेल्मेटवर पुढे चेंडू आदळला.

अंतिम सामना जामठ्याला विदर्भाशी झाला. सरवटे आपल्याच घरच्या मैदानावर आपल्याच जुन्या सवंगड्यांविरुद्ध उतरला आणि 79 धावा करून गेला. पण दानिश मालेवारच्या 153 धावांच्या बळावर विदर्भाने 379 केल्या होत्या. केरळ 342 वर थांबलं आणि 37 धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक उचलला.

यातून आपण मूलकरांनी काय घ्यायचं? धान निघाला की आपल्याकडे बांध्यांत आणि शाळेच्या पटांगणांत टेनिस बॉलच्या स्पर्धा रंगतात. मूल, सावली, सिंदेवाही, पोंभुर्णा, कुठेही जा, एक भांडण ठरलेलं असतं. मैदानात उभ्या झाडाला किंवा वरच्या विजेच्या तारेला लागून आलेला चेंडू झेलला, बाद की नाबाद? त्याचंही उत्तर त्याच कायद्यात आहे. सीमारेषेच्या आतल्या अडथळ्याला लागून आलेला झेल ग्राह्य असतो, मात्र नाणेफेकीआधी तो अडथळा सीमा म्हणून ठरवलेला नसावा. म्हणजे हा निर्णय सामना सुरू होण्यापूर्वी घ्यायचा असतो, झेल घेतल्यावर आरडाओरड करून नव्हे.

तेव्हा आयोजकांना विनंती की नाणेफेकीआधी दोन्ही कर्णधारांना बोलावून झाड, तार आणि हेल्मेट या तिन्हींचा फैसला कागदावर लिहून घ्या. आणि लेदर बॉलवर खेळत असाल तर शॉर्ट लेगला व यष्टिरक्षकाला हेल्मेट दिल्याशिवाय पहिला चेंडू टाकू देऊ नका. तीन चेंडूंसाठी कशाला, असं कुणी म्हणालं तर त्याला रमण लांबाचं नाव सांगा.