आवड आणि आकलन : अध्ययनशैलींच्या संशोधनाचा परिचय



काही वर्षांच्या खंडानंतर पुन्हा अभ्यासाला बसलेल्या प्रौढ विद्यार्थ्याच्या तोंडी एक वाक्य हमखास येते, 'मला वाचून लक्षात राहत नाही. कोणी समजावून सांगितले की बरोबर कळते.' दुसरा म्हणतो, 'आकृती डोळ्यांसमोर हवी.' तिसऱ्याला हाताने करून पाहिल्याशिवाय काही उमगत नाही. ही विधाने अनुभवातून आलेली असतात, म्हणून ती हसण्यावारी नेऊ नयेत. मात्र त्यांतून एक मोठा निष्कर्ष काढला जातो. प्रत्येक व्यक्तीचे शिकण्याचे एक ठरावीक ज्ञानेंद्रिय असते आणि त्याच वाटेने आलेले ज्ञान तिच्या पचनी पडते, असे मानले जाते. हा निष्कर्ष तपासून घेणे दूरस्थ शिक्षण घेणाऱ्यांना विशेष आवश्यक आहे. आपल्या हाती मुख्यतः छापील पुस्तिका असते. 'मी वाचून शिकणारा नाही' असे ज्याने स्वतःविषयी ठरवून टाकले, त्याची पुस्तिका पहिल्या घटकापाशीच मिटते.

संकल्पनेचा उगम

अध्ययनशैलींचा विचार अनेकांनी मांडला आहे. त्यांपैकी ज्ञानेंद्रियांशी जोडलेली सर्वांत परिचित मांडणी नील फ्लेमिंग यांची. शाळा-तपासनीस म्हणून काम करताना त्यांना एक कोडे पडे : काही उत्तम शिक्षक काही विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाहीत आणि सामान्य शिक्षक मात्र पोहोचतात, हे कसे? पुढे न्यूझीलंडमधील लिंकन विद्यापीठात असताना त्यांनी कॉलीन मिल्स यांच्यासह १९९२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती असे पसंतीचे चार प्रकार होते. इंग्रजी आद्याक्षरांवरून या मांडणीला 'व्हार्क' म्हणतात. येथे 'दृश्य' म्हणजे आकृत्या, नकाशे, आलेख. छापील मजकुराचा प्रकार वेगळा धरला आहे. निबंधाचे शीर्षकही लक्षात घेण्यासारखे आहे. हे मोजमापाचे आणखी एक साधन नसून आत्मपरीक्षणाला चालना देण्याचा प्रयत्न आहे, असा त्याचा आशय होता. प्रश्नावली जगभर पसरली. शीर्षकातील सावधगिरी मागे राहिली.

अशा मांडण्यांची पुढे इतकी दाटी झाली की २००४ साली ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आढाव्यात ७१ प्रारूपे आढळली. त्यांतील १३ त्यांनी बारकाईने तपासली आणि अनेकांचे पाठबळ तोकडे असल्याचे दाखवले. तरीही विश्वास ओसरला नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ब्रिटन आणि नेदरलँड्समधील नव्वद टक्क्यांहून अधिक शिक्षकांनी पसंतीच्या शैलीत शिकवल्यास विद्यार्थी अधिक चांगले शिकतात, या विधानाला होकार दिला होता.

दाव्याची परीक्षा

असा दावा खरा की खोटा हे कसे ठरवावे? हॅरल्ड पॅशलर, मार्क मॅकडॅनियल, डग रोहरर आणि रॉबर्ट बिऑर्क या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली या प्रश्नाचे उत्तर नेमकेपणाने दिले. आधी विद्यार्थ्यांची पसंती नोंदवावी. मग प्रत्येक गटातील काहींना एका पद्धतीने आणि काहींना दुसऱ्या पद्धतीने, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे वाटून, तोच आशय शिकवावा. शेवटी सर्वांची एकच परीक्षा घ्यावी. 'श्राव्य' विद्यार्थी ऐकून अधिक शिकले आणि 'दृश्य' विद्यार्थी पाहून अधिक शिकले, असा उलटसुलट फरक दिसला तरच दावा सिद्ध होतो. दोन्ही गटांना एकच पद्धत अधिक लाभदायक ठरली, तर श्रेय पद्धतीचे, शैलीचे नाही. या कसोटीला उतरणारे अभ्यास त्यांना फारच थोडे सापडले आणि त्यांतील काहींचे निष्कर्ष दाव्याच्या विरुद्ध होते. शैलीनुसार अध्यापन करण्यास पुरेसा आधार नाही, एवढेच मोजके विधान त्यांनी केले.

पुढे हीच रचना घेऊन बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन शिक्षण झालेल्या प्रौढांवर प्रयोग केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे हा अभ्यास तुमच्यासारख्या प्रौढ वाचकांचाच होता. एका गटाने पुस्तकाचा भाग ऐकला, दुसऱ्याने तोच पडद्यावर वाचला. लगेच आणि दोन आठवड्यांनी चाचणी झाली. ऐकण्याची पसंती सांगणाऱ्यांना ऐकून, वा वाचण्याची पसंती सांगणाऱ्यांना वाचून, विशेष लाभ झाल्याचे आढळले नाही.

मग आपल्या अनुभवाचे काय? याचा उलगडा ॲबी नॉल आणि सहकाऱ्यांच्या २०१७ मधील अभ्यासातून होतो. 'हे माझ्या लक्षात राहील' असा आधीच वाटणारा विश्वास आणि प्रत्यक्ष स्मरण, या दोन्ही गोष्टी त्यांनी स्वतंत्रपणे मोजल्या. अध्ययनशैलीचा संबंध पहिल्या गोष्टीशी आढळला, दुसरीशी नाही. पसंतीच्या वाटेने शिकताना आपल्याला सोपे वाटते, आणि सोपे वाटणे म्हणजेच कळणे, अशी आपली समजूत होते.

येथे एक गोष्ट वेगळी काढली पाहिजे. दृष्टिबाधित विद्यार्थ्याला ध्वनिमुद्रित पाठ हवा असतो, ती गरज आहे; पसंतीच्या चर्चेत तिला ओढू नये. आणि ज्यांना अनेक वर्षांनी सलग दोन पाने वाचणे जड जाते, त्यांची अडचण बहुधा शैलीची नसून तुटलेल्या सवयीची असते. सवय परत येते.

आशयाची मागणी

व्यक्तीला अनुरूप इंद्रिय शोधण्यापेक्षा आशय कोणते इंद्रिय मागतो, हे पाहणे अधिक फलदायी ठरते. आपल्याच अभ्यासक्रमातील उदाहरणे घ्या. भुजंगप्रयात वृत्तात प्रत्येक चरणात चार यगण असतात, म्हणजे लघु-गुरु-गुरु हा क्रम चार वेळा येऊन बारा अक्षरे होतात. हे लक्षण पाठ करणारा विद्यार्थी परीक्षेत गण पाडील. पण समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, हे ठाऊक असलेला आणि ते मोठ्याने म्हणणारा विद्यार्थी पुढल्या वेळी कानानेच वृत्त ओळखील. स्वतःला कितीही 'दृश्य' समजत असलात तरी वृत्त ऐकावेच लागते.

ध्वनिविचारात तर कानाबरोबर जिभेलाही कामाला लावावे लागते. 'जरा' हा एकच लिखित शब्द. म्हातारपण या अर्थी त्यातील 'ज' तालव्य, थोडे या अर्थी दंततालव्य. कागदावर हा भेद दिसतच नाही. दोन्ही शब्द सावकाश उच्चारून जिभेचे टोक कोठे टेकते याकडे लक्ष दिले, तर परिच्छेदभर वर्णनाचे काम एका क्षणात होते.

प्रयोगविचार मात्र लेखणी मागतो. 'रामाने आंबा खाल्ला' हे वाक्य लिहा आणि आंब्याच्या जागी चिंच घाला. 'खाल्ला'चे 'खाल्ली' झाले. आता रामाच्या जागी सीता घाला. 'सीतेने चिंच खाल्ली'. क्रियापद हलले नाही. क्रियापद कर्मामागे जाते, हा कर्मणी प्रयोगाचा नियम तुम्ही स्वतः शोधून काढलात. वाङ्मयेतिहासाला कालपट्टी हवी, कादंबरीला निवांत वाचन. एकाच विषयात या सर्व वाटा लागतात, आणि एकच आशय शब्द व चित्र अशा दोन वाटांनी आला तर तो अधिक पक्का होतो, असा ॲलन पायव्हियो यांचा सिद्धान्त आहे.

आठवून पाहण्याचे सामर्थ्य

रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ सालचा प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून, तो मिटून, आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी दुसऱ्यांदा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर चित्र उलटले. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, लिहून पाहणाऱ्यांना ५६ टक्के. पुनर्वाचनाने विश्वास वाढतो, आठवून पाहताना तो डळमळतो. म्हणूनच बहुतेक जण पहिली वाट धरतात.

करून पाहा : या घटकातील 'दाव्याची परीक्षा' हा भाग पुन्हा न वाचता पुस्तिका मिटवा आणि पॅशलर व सहकाऱ्यांची कसोटी स्वतःच्या शब्दांत पाच-सहा ओळींत लिहा. नंतर मूळ मजकुराशी ताडून जे सुटले ते वेगळ्या शाईने भरा. आठ दिवसांनी कोरा कागद घेऊन हेच पुन्हा करा आणि दोन्ही कागद पुढील संमंत्रण सत्राला बरोबर आणा.