आधी गळती शोधा, मग पान्हा उचला

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. 2008 साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं आणि 2022 साली कैरोत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील जगज्जेता झाला, ते याच प्रकारात. या बंदुकीची सगळी ताकद सिलिंडरमध्ये 200 बारपर्यंत दाबून भरलेल्या हवेत असते. ती हवा गळू लागली की हात आधी पान्ह्याकडे आणि ओ-रिंगांच्या, म्हणजे सांधे हवाबंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांच्या, पाकिटाकडे जातो. तो आवरायला हवा. गळती नेमकी कधी होते आणि कुठून होते, हे कळेपर्यंत एकही स्क्रू सैल करू नये. हवा भरताना नीट पाहिलं आणि ऐकलं, तर दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा तिथेच कळतं.

पहिला प्रश्न असा की, ही खरोखर गळती आहे का? हवा झपाट्याने भरली की सिलिंडर तापतो आणि तो निवला की दाब उतरतो. आतली हवा 45 अंश सेल्सिअसला असताना दाबमापकाचा काटा 200 बारवर थांबवला, तर ती 25 अंशांवर आल्यावर तोच काटा 187 च्या आसपास दिसेल. हवेचा एक कणही बाहेर गेलेला नसतो. त्यामुळे भरल्याबरोबर घेतलेल्या नोंदीवरून निष्कर्ष काढू नये. सिलिंडर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, तेव्हाचा आकडा लिहावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पाहावा. त्यानंतरही काटा उतरत राहिला, तरच गळती आहे असं समजावं.

आता ठिकाण. भरत असतानाच फुसफुस ऐकू आली, तर संशय जोडणीवर घ्यावा: हवा भरायच्या प्रोबवरची ओ-रिंग चिरलेली असेल किंवा हवा सोडायचा स्क्रू पुरता बंद नसेल. भरून झाल्यावर ज्या टाकीतून हवा भरली तिचा व्हॉल्व्ह बंद करून तो स्क्रू उघडला की नळीत अडकलेली हवा क्षणभर जोरात सुटते. ते ठीकच आहे. पण आवाज थांबतच नसेल आणि बंदुकीचा काटाही खाली येत असेल, तर हवा परत येऊ न देणारा झडपेचा भाग नीट बसलेला नाही. तिथे बहुधा कचऱ्याचा कण अडकलेला असतो. तिसरी जागा म्हणजे चाप ओढल्यावर हवा सोडणारा मुख्य व्हॉल्व्ह. छर्रा न भरलेल्या बंदुकीच्या तोंडावर फुगा चढवला आणि तो हळूहळू फुगू लागला, तर दोष या व्हॉल्व्हचा. पूर्ण रिकाम्या झालेल्या काही बंदुकांत हॅमरची स्प्रिंगच हा व्हॉल्व्ह किंचित उघडा धरते. अशा वेळी छर्रा नसल्याची खात्री करून आणि बंदुकीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून बंदूक कॉक करावी, मगच हवा भरावी. बाकीच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं, की पंक्चरवाल्याच्या टबात दिसतात तसे बुडबुडे जागा दाखवतात. स्पर्धेच्या रायफलचा सिलिंडर सुटा होतो, त्यामुळे तिथे काम आणखी सोपं आहे. तो काढून रात्रभर वेगळा ठेवावा. दाब टिकला तर दोष रायफलमध्ये, उतरला तर सिलिंडरमध्ये.

यावर कोणी म्हणेल, ओ-रिंग स्वस्त असते, एकदाच सगळ्या बदलून टाकल्या तर काय बिघडलं? बिघडतं. रिंग बसवताना ती खाचेच्या धारेवर चिरू शकते, बोटावरची धूळ आत जाऊ शकते आणि जुन्या एका गळतीच्या जागी नव्या दोन तयार होतात. शिवाय दोष व्हॉल्व्हच्या बैठकीत असेल, तर रिंगा बदलून काहीच साधत नाही. दुसरा आक्षेप असा की, हे काम कारागिराचं आहे. दुरुस्ती त्याचीच, यात वाद नाही. पण ‘हवा गळते’ एवढंच सांगण्यापेक्षा ‘स्क्रू उघडल्यावर काटा उतरतो’ असं सांगितलं, तर त्याला निम्मी बंदूक उघडावीच लागत नाही.

आपल्या हवेचाही विचार करायला हवा. पावसाळ्यात मुंबई-कोकणातली दमट हवा हातपंपाने दाबली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. पंपाचा गाळणीचा भाग सुकलेला नसेल, तर ते पाणी आत जाऊन धातू गंजवतं, आणि गंजाचा तोच कण पुढे झडपेत अडकतो. म्हणून कोरडी हवा भरणं हा गळती टाळायचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

काही नियमांना मात्र अपवाद नाही. दाब पूर्ण सोडल्याशिवाय कोणताही भाग उघडू नये. ऑक्सिजनची टाकी कधीही जोडू नये. खनिज तेल किंवा साधं ग्रीस दाबाखालच्या हवेत पेट घेऊ शकतं, म्हणून रिंगांना सिलिकॉन ग्रीसच लावावं. आणि सिलिंडरवरची तारीख वाचावी. आंतरराष्ट्रीय नेमबाजीच्या नियमांनुसार तो उत्पादकाने दिलेल्या मुदतीतलाच असावा लागतो, ही मुदत जास्तीत जास्त 10 वर्षांची असते आणि ती पाळण्याची जबाबदारी खेळाडूची असते. मुदत संपलेला सिलिंडर जराही गळत नसला, तरी तो वापरातून काढून टाका.