सशाची पिल्ले

मुलांनो, सशाची मादी तोंडात वाळलेले गवत घेऊन कोपऱ्यात नेऊ लागली, की बहुधा ती आई होणार असते. पिल्ले तिच्या पोटात सुमारे ३१ दिवस वाढतात. मग ती घरटे करते. स्वतःच्या अंगावरचे मऊ केस उपटून ती त्यात अंथरते. तेव्हा घाबरू नका. ती आजारी नसते. नव्या पिल्लांच्या अंगावर केस नसतात. त्यांचे डोळेही मिटलेले असतात. आईच्या केसांमुळे त्यांना ऊब मिळते.

आई दिवसातून एकदा-दोनदाच दूध पाजते. बाकी वेळ ती घरट्यापासून दूर बसते. तिने पिल्लांना टाकले, असे समजू नका. सुमारे दहा दिवसांनी पिल्ले डोळे उघडतात. तोपर्यंत पिंजऱ्याजवळ गडबड करू नका. आईला चारा व ताजे पाणी मात्र रोज द्या.